चवथीला सडा अंगणात

मोपा, पेडणे
आषाढातला रविवार, 2026

प्रिय बाय,

तुझे फोटो पोचले. रेल्वेच्या जुन्या पुलावरची ती बाग मी बोटांनी मोठी करकरून बघितली आणि मग आईला दाखवली. आईनं चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हणाली, "हें आमच्या सड्यावयलें तण न्हय गो?"

आई फारशी चुकली नाही. न्यूयॉर्कच्या त्या मार्गावरून शेवटची मालगाडी 1980 साली गेली. रूळ तसेच पडून राहिले आणि वाऱ्यानं नि पाखरांनी आणलेल्या बियांतून तिथं आपोआप रान उगवलं. 2009 साली ही बाग हायलाईन या नावानं लोकांसाठी उघडली, तेव्हा पीट औडॉल्फ या डच बागरचनाकारानं त्या आपोआप उगवलेल्या रानाकडे बघूनच झाडांची निवड केली होती. म्हणजे तण म्हणून जे कुणी उपटलं असतं, ते त्यानं आधी नीट वाचलं. तू फोटोखाली लिहिलंस, "तुझ्या अंगणातल्या प्रयोगाची आठवण झाली. त्याचं पुढं काय झालं ते फोनवर कधी धड सांगत नाहीस." फोनवर सांगण्यासारखं ते नाहीच. तीन पावसाळ्यांची गोष्ट आहे. आज बाहेर संततधार आहे, वीज दुपारपासून गेली आहे, म्हणून कागद घेऊन बसले.

सुरुवात तुला ठाऊक आहे त्या सड्यापासूनच, त्या जांभ्याच्या पठारापासूनच, करावी लागेल. श्रावणातल्या आयताराच्या पूजेची पत्री आणायला आपल्याला पहाटे वर पाठवायचे. परकर चिखलानं भरायचे, पायाखाली जांभ्याचा खडबडीत कातळ आणि त्यावर बोटभर पाणी. त्या पाण्यात एवढीशी निळी-जांभळी फुलं असायची, त्यांना आजी सीतेची आसवं म्हणायची. आपण ती तुडवतच जायचो, कारण ती इतकी असायची की पाय ठेवायला दुसरी जागाच नसायची. उन्हाळ्यात तोच सडा काळा ठिक्कर. गवताची काडीही नाही, चपला घातल्या तरी तळवे भाजायचे. दोन्ही वेळा तो एकच दगड आहे हे मला लहानपणी खरं वाटायचं नाही.

आता त्यातला मोठा भाग विमानतळाखाली आहे. तू गेलीस तेव्हा दाबोळीवरून उडालीस. आता येशील तेव्हा विमान सरळ आपल्या सड्यावर टेकेल. दोन हजारांवर एकर जमीन, चोपन्न हजारांवर झाडांचा प्रश्न, मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण परवानगी थांबवली, जानेवारी 2020 मध्ये पुन्हा वाट मोकळी केली, 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन आणि 5 जानेवारी 2023 ला पहिली विमानं. हे सगळं तू तिकडे बातम्यांत वाचलंच असशील. विमानतळानं गावाला काय दिलं आणि काय नेलं, यावर इथं घरटी एक मत आहे आणि माझ्याच घरात तीन. मला त्या वादातली एकच गोष्ट डाचत राहिली. झाडं मोजता येतात. बोटभर उंचीचं फूल, जे वर्षातून आठ-दहा आठवडेच दिसतं, ते कुणी मोजायचं? मार्चमध्ये सड्यावर जाऊन बघणाऱ्याला तो ओसाडच दिसणार. कागदावर 'पडीक' असा शब्द येतो तो अशा महिन्यांतूनच येतो.

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. लेख लिहिणं, सभेत बोलणं मला जमलं नाही. पण एखादी वस्तू समोर मांडून "बघा" म्हणणं मला जमतं. 2023 च्या मे महिन्यात मी ठरवलं की गणपतीच्या चवथीला घरी जेवढी माणसं येतात, तेवढ्यांना सडा दाखवायचा. अंगणात. फुलांसकट.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते चित्रकलेच्या बाईनं करावं तसंच केलं. कागदावर रांगोळीसारखी आकृती काढली. मध्ये पांढऱ्या गेंदांचं वर्तुळ, त्याभोवती आसवांचा जांभळा पट्टा, बाहेर पिवळ्या कवल्याच्या पाकळ्या, कडेला तेरड्याची गुलाबी किनार. रंगसंगती सुरेख होती, तो कागद अजून माझ्याकडे आहे. जागा आखली, माती खणली आणि फुलं चांगली यावीत म्हणून गोठ्यातलं दोन वर्षं कुजलेलं शेणखत पाटी-पाटी घातलं. आपण घेवड्याला, भेंडीला, मोगरीला जे करतो तेच.

एक गोष्ट मात्र तेव्हाही बरोबर केली. सड्यावरून एकही रोप उपटून आणलं नाही. वाड्यावरच्या एका शेजाऱ्याचं घर व्हायचं होतं, पायासाठी जांभा फोडायला सुरुवात होणार होती. त्याच्याकडे मी मे महिन्यात मागून घेतलं, कातळाच्या खळग्यांत साचलेली ती काळपट, भुरभुरीत माती, तेवढीच. केरसुणीनं लोटून सहा घमेली भरली. तो म्हणाला, "बाई, ह्या धुळीत काय आहे?" धुळीतच सगळं आहे. या फुलांचं बी इतकं बारीक असतं की तळहातावर घेतलं तर तपकिरीची चिमूट वाटेल. उन्हाळाभर ते त्या मातीतच पडून असतं.

पाऊस आला आणि गवत आलं. नुसतं गवत. शेणखतानं ते असं माजलं की जुलैच्या शेवटी गुडघ्याला लागत होतं. खाली वाकून, पाती बाजूला करून बघितलं तर दोन-चार गेंद पिवळे पडलेले आणि आसवांचा पत्ता नाही. त्यात 2023 चा ऑगस्ट कसा गेला आठवतं? देशभर 1901 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्या वर्षी अधिक श्रावण, चवथ 19 सप्टेंबरला. माणसं आली, गणपतीच्या पाया पडली, नेवऱ्या खाल्ल्या आणि जाताना अंगणातलं गवत बघून "म्हशीक बरें जातलें" म्हणून गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

चूक कुठं झाली हे मला पुस्तकानं सांगितलं. पणजीच्या ग्रंथालयात बसून गोव्याच्या वनस्पतींवरचं जे मिळेल ते वाचलं. पेडण्याच्या माणसाला वाचायला खास गोड वाटेल असं एका पुस्तकाचं नाव त्या शोधात भेटलं. दाल्गादो नावाच्या डॉक्टरनं 1898 साली पोर्तुगीजमध्ये 'गोवा आणि सावंतवाडीच्या वनस्पती' अशा अर्थाचं पुस्तक छापलं होतं. सरहद्द माणसांना होती, त्याच्या झाडांना नव्हती. पुढं रोला शेषगिरी राव यांचे ग्रंथ आले आणि अलीकडे गोवा विद्यापीठात प्रा. जनार्दनम यांनी सड्यावरच्या वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम केलं. या सगळ्यातून मला कळलं ते थोडक्यात असं: सडा गरीब आहे आणि त्याची फुलं त्या गरिबीवरच जगतात. कातळावर इंच-दोन इंच माती. शंभर-सव्वाशे इंच पाऊस तीही धुवून नेतो. नत्र जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी गवताला जोर धरता येत नाही म्हणून तर त्या चिमुकल्या फुलांना आकाश मिळतं. मी खत घातलं आणि त्यांचं आकाश काढून घेतलं.

आणि नत्र नसताना ती जगतात कशी? इथं मला तुला जरा जवळ बसवून दाखवायला हवं. आसवांची एक काडी घे. वीतभरही नाही, केसापेक्षा थोडी जाड. टोकाला फूल. खालचा ओठ रुंद, जांभळा, त्यावर फिकट खूण, मागं वाकडी टोकदार शेपटी. आता काडीच्या बुंध्याची ओली माती वाटीतल्या पाण्यात हळूच मोकळी कर. मुळं शोधशील, पण याला खरी मुळं नसतातच. धाग्यांसारखे तंतू दिसतील आणि त्यांना लागलेले मोहरीहूनही लहान, पारदर्शक फुगे. तो प्रत्येक फुगा म्हणजे सापळा. आतलं पाणी बाहेर टाकून तो पिचका होऊन बसतो. तोंडाशी केसांसारखे काटे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव त्यांना लागला की झडप उघडते, फुगा ताठ होतो आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागात सगळं आटोपतं. डोळ्यांना दिसत नाही इतकं जलद. आपण ज्याला सीतेच्या डोळ्यातलं पाणी म्हणत आलो, ते मातीखाली रात्रंदिवस शिकार करत असतं. शेजारी उगवणारा, दवबिंदू म्हणतात तो, हेच उघडपणे करतो, त्याच्या पानांच्या लाल केसांवर चिकट थेंब असतात, किडा बसला की केस आत वळतात. मातीनं दिलं नाही ते दोघंही हवेतून, पाण्यातून मिळवतात.

हे वाचल्यावर माझी पूर्ण आकृतीच मोडली. रंगावरून बाग आखायची नव्हती. पाण्यावरून आखायची होती.

सड्यावर परत गेले, जो उरला आहे त्या कडेच्या भागात, छत्री नि वही घेऊन. फुलं न काढता पाणी काढलं. कुठं डबकं साचतं, कुठं नुसता ओला पापुद्रा राहतो, कुठं पाणी वाहून जाऊन दगड तासाभरात सुकतो. मग प्रत्येक जागी कोण उभं आहे ते लिहिलं. गेंदांचे पाय पाण्यात. आसवं आणि दवबिंदू ओल्या पापुद्र्यावर. तेरडा आणि कवला जिथं माती चार बोटं आहे तिथं. आणि जिथं कोणीच नसेल असं वाटतं त्या उघड्या दगडाच्या भेगेत भुईगेंद, जो पावसात नुसता हिरवा गोळा असतो आणि सगळं वाळल्यावर फुलतो. एकाच हातरुंदीच्या दगडावर तीन-चार शेजार. रंग आपोआप जुळलेले. मला वर्षभर जी रंगसंगती साधली नव्हती ती तिथं उताराच्या एका इंचात होती.

दुसऱ्या वर्षी चौथरा बांधला. ही कल्पना आईच्या गुडघ्यांमुळे आली. ती म्हणाली, "तुझी फुलं बघायला मी खाली बसले तर उठवायला दोघं लागतील." खरंच होतं. सडा बघायचा तर माणसाला जमिनीवर पालथं पडावं लागतं, आणि चवथीला येणारी अर्धी माणसं साठीच्या पुढची. म्हणून सडाच वर आणला. चिऱ्यांचा ओटा, अडीच फूट उंच, दहा फूट लांब, चार फूट रुंद. वरचे चिरे मुद्दाम तासलेले नकोत म्हणून खाणीतले फुटके, खळगेवाले मागून आणले. गवंड्यानं सवयीनं ओळंबा लावला आणि सगळं सपाट करायला निघाला. त्याला थांबवून सांगितलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड इंचाचा उतार हवा, मध्ये दोन ठिकाणी खोलगट हवं आणि सिमेंट फक्त बाहेरच्या सांध्यांना. त्यानं मान हलवली, पण केलं मनापासून. चहा घेताना म्हणाला, "बाई, एवढं वाकडं काम मी सरळ माणसासाठी पहिल्यांदाच केलं." खळग्यांत शेजाऱ्याकडची माती इंचभर. खत नाही. नळाचं पाणी नाही. काही लावायचं नाही. फक्त गवत वर आलं की दर आठवड्याला कोयतीनं कापायचं, गुरं चरतात तेवढं.

गुरांची ही गोष्ट मी कासवरून शिकले. साताऱ्याच्या त्या पठाराला 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, गर्दी लोटली, मग जाळीचं कुंपण आलं. फुलं वाचवायचीच इच्छा होती. पण चरणारी गुरं थांबली, गवत वाढलं आणि फुलं कमी झाल्याची ओरड सुरू झाली. शेवटी कुंपण काढायची वेळ आली. फूल आणि गाय यांचा इतका जुना करार असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

2024 च्या जुलैत पावसानं उसंत दिली नाही. चौथऱ्याच्या खालच्या टोकाला पाणी तुंबलं, तिथली माती वाहून अंगणात आली. मी मध्ये पडले नाही. चवथ 7 सप्टेंबरला. चार दिवस आधी पहाटे दार उघडलं आणि वरच्या टोकाकडून मध्यापर्यंत आसवं. मोजली, एकशे चाळीसच्या पुढं मोजायचं सोडून दिलं. खालच्या डबक्यात गेंद, अगदी शर्टाची पांढरी बटणं सांडल्यासारखे. दवबिंदू मी आणला नव्हता, माझ्या यादीत नव्हता, तो धुळीतून आपला आपण आला होता. मी आईला उठवलं. तिनं ओट्याला दोन्ही हात टेकले, नाक फुलांपासून वीतभर नेलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "साठ वर्षं ह्यांच्यावरून चालले. तोंड आज बघितलं."

बाय, त्या एका वाक्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला असं समज.

आता वरच्या भागाचं सांगते, म्हणजे माटोळीचं. तुझ्या मुलांना माटोळी कशी समजावतेस कोण जाणे. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडाची चौकट आणि तिला केवणीच्या सालीनं बांधलेली रानातली, परसातली फळं-फुलं: नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, तोरिंग, चिबूड, आंबाडे, लालभडक कवंडळ, नारिंगी कांगणीचे घोस, वाजणाऱ्या घागऱ्या, ऐनाची पंखवाली फळं. पुस्तकात काही लिहिलं तरी मला विचारशील तर माटोळी ही आपल्याकडची सर्वांत जुनी बागरचना आहे. जमिनीऐवजी छताला लावलेली, वरून खाली वाढणारी, आणि दीड, पाच, सात दिवसांनी उतरवायची हे ठरवूनच बांधलेली. तीत फार बारीक शिस्त असते. बाबा बांधायचे तेव्हा जड वस्तू आधी, कोपऱ्यांना. मग मधली जाळी. आणि कवंडळ कधीही दोन शेजारी नाहीत, कारण लाल लालाला खातो म्हणायचे. रंगाचा तो पहिला धडा मी कलाशाळेत जायच्या कितीतरी आधी स्टुलावर उभी राहून, सुतळीचं टोक धरून शिकले.

कला आणि संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं, त्यामुळे नवी मुलं उत्साहानं बांधतात, नावं पाठ करतात, वेगवेगळे आकार करून बघतात. हे फार चांगलं आहे. पण वस्तूंची संख्या वाढवायच्या भरात दुर्मीळ वेल ओरबाडली जाते तेव्हा मला वाईट वाटतं. ज्याचं एकच झाड डोंगरात उरलं आहे, त्याचं फळ माटोळीत नसलं तर देव रागावणार नाही.

मी घरातली माटोळी जशी आहे तशीच ठेवली, तिला प्रयोगाचा हात लावला नाही. अंगणात चौथऱ्याच्या वर मात्र वेगळी लहान चौकट टांगली. नियम एकच: आपल्या कुंपणाच्या आत जे मिळेल तेच. अठरा वस्तू निघाल्या. कवंडळ आणि कळलावी दोन्ही विषारी, म्हणून ती मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी उंच बांधली. खाली सडा, वर माटोळी, मध्ये माणसाचं डोकं. बघणाऱ्याला एकदा वाकावं लागतं आणि एकदा मान वर करावी लागते. चौकटीला दोऱ्यानं दोन भिंगं सोडली. शाळेतली मुलं आली, ती भिंग सोडीनात. एका मुलीनं दवबिंदूत अडकलेला डास बघितला आणि तिथून घरच्यांना हाक मारली, ती अख्ख्या वाड्याला ऐकू गेली.

फुलांचं आणि चवथीचं गणित मात्र दरवर्षी जमेलच असं नाही. ही यातली सर्वांत अवघड गोष्ट. चवथ पंचांगानं येते, फूल पावसानं. 2025 मध्ये मान्सून मे महिन्यातच आला आणि चवथही लवकर, 27 ऑगस्टला. नशिबानं जुळलं. आसवं ऐन बहरात होती, तेरड्याला नुकत्या कळ्या. यंदा अधिक ज्येष्ठामुळे चवथ 14 सप्टेंबरपर्यंत लांबली आहे. आसवं ओसरायला लागतील असा माझा अंदाज आहे. त्याऐवजी कवल्याचा पिवळा रंग पुढं येईल. आधी मला याची धास्ती वाटायची. पाणी अडवून, सावली करून बहर लांबवता येईल का, याचेही कागद काढले होते. मग ते सोडून दिलं. दरवर्षी चौथऱ्यावर जे असेल ते त्या वर्षाचं. आता मी पाहुण्यांसाठी पाटीवर फक्त तीन ओळी लिहिते: पहिला पाऊस कधी, चवथ कधी, आज कोण फुललं आहे. वेगवेगळ्या वर्षांच्या पाट्यांचे फोटो शेजारी ठेवले तर पाऊस कसा सरकतो ते दिसतं.

तू 2019 मध्ये ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमधलं बुर्ले मार्क्सचं प्रदर्शन बघून आलीस आणि मला त्याचं पोस्टकार्ड पाठवलंस, ते माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. ब्राझीलचा तो चित्रकार तरुणपणी, 1928 च्या सुमारास, जर्मनीत गेला. आपल्याच देशाची झाडं किती सुंदर आहेत हे त्याला बर्लिनच्या वनस्पतीबागेत काचघरात ठेवलेली बघून उमगलं, कारण घरी रिओत सगळे युरोपची झाडं लावत होते. परत जाऊन त्यानं आयुष्यभर तिथल्याच झाडांच्या बागा केल्या. आपलं काही वेगळं नाही. आपण तोरणाला ज्यांना रोजां म्हणतो ते झेंडू मेक्सिकोचे. देवळापुढचा चाफाही अमेरिकेतून आलेला. ते आता आपलेच आहेत, मी त्यांना परकं म्हणणार नाही. चवथीला केसात अबोलीची फाती आणि दाराला रोजांचं तोरण नसेल तर मलाही चुकल्यासारखं वाटतं. पण पाहुण्यांना एवढ्या मानानं ओसरीवर बसवायचं आणि घरच्या लेकरांची नावंही माहीत नसायची, हे बरं नाही. शाळेतल्या मुलांना मी ट्युलिप काढायला लावलेलं आहे, सूर्यफूल काढायला लावलेलं आहे. गेंद एकदाही नाही. ती भरपाई आता चालू आहे. दर शनिवारी आठ-दहा जण येतात. चौथऱ्याभोवती उभे राहून कुणीही एक फूल निवडतं आणि ते ताटाएवढं मोठं काढतं. छोट्या फुलाला मोठ्या कागदावर आणलं की मुलं त्याला तण म्हणत नाहीत.

डिचोलीहून एक शिक्षिका मागच्या वर्षी येऊन मापं घेऊन गेली. त्यांच्या भागातली जमीन खाणींनी उलटीपालटी केलेली, तिथल्या लाल मातीत काय येईल हे तिला करून बघायचं आहे. मी तिला मातीची दोन घमेली देणार होते, मग थांबले. तिचा सडा तिचाच असायला हवा, तिच्याच गावच्या धुळीतून आलेला. मी चिऱ्यांची मापं, उताराचा इंच आणि खताबद्दलची ताकीद एवढंच दिलं. परवा तिचा निरोप आला, गेंद उगवलेत म्हणून.

सध्या चौथऱ्यावर काय आहे ते सांगते आणि पत्र संपवते, उजेड कमी झालाय. पाणी व्यवस्थित उतरतंय. खालच्या डबक्यात बेडकीनं अंडी घातली आहेत. गेंदांच्या पात्या दिसायला लागल्या. मधल्या पट्ट्यात शेवाळावर बारीक हिरवे ठिपके आहेत, ती आसवंच असावीत. परवा एका कडेला तायकिळा वर आला होता, तो काढून आईनं भाजी केली.

चवथीला ये बाय. गेल्या सहा वर्षांत आली नाहीस. मुलांनाही आण, त्यांना भिंग देऊन ओट्याशी उभं करू, मग वर टेकडीच्या कडेला जाऊ, तिथं अजून हातभर सडा आपण सोडला तसा आहे. आणि येताना दोन चांगली भिंगं घेऊन ये. इथल्या पावसात माझ्याकडच्या काचांना बुरशी धरली आहे.

तुझी,
मोपाची मैत्रीण